मागचा दांडा

चहाचं फुलपात्र उजव्या हातात धरून ते दारातून रस्त्याकडे बघत बसले होते. स्टोव्हवरून उतरवून तसाच ओतलेला चहा. मी स्वतः ते फुलपात्र पदराच्या दोन घड्या करून आणलं होतं, तरी मला चटका बसला होता.

"अवो, खाली ठेवा," मी म्हटलं. "भाजंल."

"काय?"

"चहा."

त्यांनी हाताकडे बघितलं. फुलपात्र डाव्या हातात घेतलं आणि घेतल्या घेतल्या जमिनीवर टाकल्यासारखं ठेवलं. चहा सांडला. डाव्या हाताची बोटं त्यांनी पटकन कानाच्या पाळीला लावली. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता, पेरं लाल झालेली, आणि त्याची त्यांना काही खबर नव्हती.

मी फडकं आणून चहा पुसला आणि दुसरा कप टाकला.

त्यांचं नाव जोतिराम पोवार. त्या काळी मी ते तोंडानं घेत नव्हते, चारचौघांत 'आमचं मालक' म्हणायचं. पण या गोष्टीत फौंड्रीचेही एक मालक आहेत, आणि दोन मालक झाले की ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो, म्हणून नाव घेते. आता घ्यायला हरकत नाही. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली, आणि नाव घेतल्यानं कुणाचं काही वाकडं होत नाही हेही एव्हाना कळलंय.

कोल्हापूरच्या बाहेर, शिरोलीच्या वसाहतीत अण्णांची फौंड्री होती. आम्ही दोघंही तिथंच कामाला. मी बायकांच्यात, कोअर शॉपला. ओतकामाच्या साच्यात आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे गोळे, नळ्या, कड्या करून ठेवतात, त्याला कोअर म्हणतात. ते करायचं काम बायकांचं. आमच्या शेडमधून समोर भट्टी दिसायची. भट्टीतला लोखंडाचा रस लॅडलमध्ये घेतात. लॅडल म्हणजे आतून माती लिंपलेली जाड बादलीच. ती लांब दांड्यात अडकवून दोघांनी उचलायची आणि साच्यापर्यंत चालत न्यायची. पुढचा माणूस पुढं तोंड करून चालतो, म्हणजे रस त्याच्या पाठीशी असतो. मागच्याच्या हातात दांड्याची आडवी मूठ. लॅडल सरळ ठेवायची ती त्यानं आणि साच्यापाशी तिरपी करायची तीही त्यानं. पुढच्याला मागचं काही दिसत नाही.

पुढे दस्तगीर मुजावर आणि मागे जोतिराम, अशी त्यांची जोडी होती. माझं लग्न होऊन मी शिरोलीत आले त्याच्या आधीपासूनची. दस्तगीर बडबड्या, हे मुके. दस्तगीर चालता चालता सिनेमाची गोष्ट सांगायचा आणि मागनं नुसतं 'हं, हं' ऐकू यायचं. आम्ही बायका हसायचो. नवराबायको शोभतील म्हणायचो, आणि माझ्याकडे बघून आणखी हसायचो.

उन्हाळ्यात एक साचा ओला राहिला. ओल्या वाळूवर रस पडला की तो उडतो. तो उडाला आणि जोतिरामांच्या उजव्या हातमोज्यात शिरला. मी त्या दिवशी कामावर नव्हते, आमच्या पोरीला, सारिकाला, ताप होता म्हणून घरी राहिले होते. मला दवाखान्यातच दिसला तो हात, पांढऱ्या बँडेजमध्ये बांधून टाकलेला. नंतर मांडीची कातडी काढून तळव्याला लावली. कातडी धरली. डॉक्टर म्हणाले, नशीब चांगलं.

आणि मग विम्याचे पैसे यायला लागले. दरमहा पगारातून विम्याचं काहीतरी कापून घेतात एवढंच आम्हाला माहीत होतं; त्याचं पुढं काय होतं याचा विचार कुणी केला नव्हता. कामावर अपघात झाला, तर माणूस बरा होईपर्यंत पगाराचा बराचसा भाग घरबसल्या मिळतो, हे आम्हाला हात भाजल्यावर समजलं. अट एवढीच, की विम्याच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरकडून 'अजून कामाला योग्य नाही' असं लिहून आणायचं आणि मधल्या काळात कुठंही काम करायचं नाही.

काम करायचं नाही म्हणजे काय, ते त्यांना जमेना. सुरुवातीला पानपट्टीवर जायचे. तिथं पोरं म्हणायची, "या सरकारचं जावई, बसा." ते हसायचे. मग हसायचे बंद झाले, मग जायचे बंद झाले. दारात बसायचे. पाळी सुटायच्या वेळेला रस्त्यानं फौंड्रीतले लोक सायकलवरून जायचे, त्यांच्याकडे बघायचे, कुणी हात केला तर डावा हात वर करायचे. घरात टीव्ही चालू असायचा, आवाज बंद करून. मी कामावरून आले की विचारायची, काय बघताय? म्हणायचे, काय न्हाई. आणि खरंच काही बघत नसायचे. भांडण नव्हतं आमच्यात. ते झालं असतं तर बरं, असं मला कधी कधी वाटायचं. मी स्वयंपाक करायची, ते जेवायचे, सारिका अभ्यास करायची. घरात कुणी मेल्यावर बारावं होईपर्यंत जसं असतं तसं आमचं महिनोन्‌महिने होतं, आणि मेलं तर कुणीच नव्हतं.

चहाचा प्रकार झाला तो श्रावण संपता संपता. त्याच आठवड्यात दवाखान्याची पाळी होती. शर्टाची बटणं त्यांना काढता येत नव्हती, म्हणून मी बरोबर जायची आणि आतसुद्धा त्यांच्या स्टुलाशेजारी उभी राहायची. डॉक्टर हेर्लेकर म्हणून होते, वयस्कर, शांत माणूस. त्यांनी हात उलटासुलटा करून बघितला.

"जखम छान भरलीय, पोवार."

"मग लिवा की साहेब फिट."

"थांबा. डोळे मिटा. टाचणी टोचली की 'हं' म्हणा."

त्यांनी डोळे मिटले. डॉक्टर एका लयीत एकेक बोट टोचत गेले. जोतिराम भजनात टाळ धरणारा माणूस; दोन टोचण्या हुकल्या आणि मग त्यांनी ती लय धरली. हं. हं. हं. मी वरून बघत होते. मला कळलं, हे बोटानं नाही, कानानं आणि अंदाजानं चाललंय. डॉक्टरांनाही थोडं कळलं असावं.

"काहीतरी आहे, काहीतरी नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी नीट बघू. तोवर अनफिटच लिहितो."

"साहेब, मी कामाचा माणूस हाय. दुखत न्हाई मला काय सुद्धा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सकाळपासून माझ्याकडे आले ते सगळे बरं असताना दुखतंय म्हणणारे. दुखत नाही म्हणून भांडणारे तुम्ही पहिले. पण पोवार, तुमच्या हाताला न दुखणं हेच वाईट आहे. नस गेली असेल तर ती आता यायची नाही. तात्पुरतं म्हणून मी तरी किती काळ लिहीत राहू? पुढच्या वेळी स्पर्श कळला तर फिट लिहून देतो. नाही कळला तर बोर्डाकडे पाठवावं लागेल. कायमचं किती गेलं ते बोर्ड ठरवतं, त्या हिशोबानं जन्मभर थोडे पैसे येत राहतील."

"आणि फौंड्री?"

"भट्टीचं काम नाही करता येणार तुम्हाला."

फौंड्रीत एका हाताचं काम म्हणजे वॉचमनचं, आणि वॉचमन होता. आम्ही वडापच्या जीपमध्ये बसलो. शिरोलीत उतरल्यावर ते म्हणाले, "पुढची पाळी खंडेनवमीच्या आदी येत्या न्हवं?"

"व्हय. आदल्या दिवशी."

"मग झालं."

खंडेनवमीला सगळ्याच कारखान्यांत यंत्रांची पूजा असते, पण अण्णांच्या फौंड्रीत एक वेगळी रीत होती. त्यांच्या वडिलांनी घातलेली. त्या दिवशी ओतणाऱ्या प्रत्येक जोडीनं आपापली लॅडल धुऊन, चुन्याची बोटं ओढून, हळदकुंकू लावून मांडायची आणि दोघांनी मिळून एकच नारळ धरून फोडायचा. ज्यांनी नारळ फोडला ती जोडी वर्षभर कायम. मध्ये कुणी कुणाला बदलून मागायचं नाही. एखादा त्या दिवशी हजर नसला तर त्याचा जोडीदार दुसऱ्याबरोबर फोडणार, आणि मग तो दुसरा त्या जागेवर पक्का होणार. अण्णा वाईट माणूस नव्हते, पण रीत म्हणजे रीत. ती मोडायची कुणाची छाती नव्हती, अण्णांचीही.

तेव्हा एवढंच होतं. खंडेनवमीच्या आधी फिट लिहून आलं तर जोतिरामांची जागा राहणार. नाही आलं तर त्यांना घरबसल्या पैसे मिळत राहणार, थोडे पण जन्मभर, आणि ते दारात बसणार.

टाचणीची युक्ती त्यांचीच. एकदा संध्याकाळी मी भाकरी थापत होते, ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. मी उठून डबा आणायला गेले आणि परत आले.

"तू चाललीस की मला न बघता कळतंय तू कुठं हाईस," ते म्हणाले.

"कसं?"

"जोडवं वाजतंय तुझं."

माझी जोडवी जड होती, आईनं घातलेली. शहाबादी फरशीवर बोट जरा उचलून टेकवलं की टिक् असा बारीक आवाज यायचा. मला सवयीनं ऐकूही येत नसे. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या पायांकडे बघत राहिले. अपघात झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

"शालन, दवाखान्यात पण शहाबादीच हाय."

सारिकाला शिकवणीला पाठवून आम्ही सराव सुरू केला. ते पाटावर बसायचे, मी त्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधायची, उजवा हात मांडीवर उताणा ठेवायचा. मी माझ्या पदराच्या पिनेनं टोचायची आणि त्याच क्षणी पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट टेकवायची. टिक्. ते म्हणायचे, हं. पहिल्या दिवशी त्यांचा हं उशिरा यायचा. मी म्हणायची, एवढा उशीर केला तर टोचून डॉक्टर घरी जातील. चार दिवसांत हं टाचणीच्या जोडीनं यायला लागला. मी मुद्दाम थांबायची, मग पटापट दोन टोचायची, मग परत थांबायची. एकही चुकेना. एकदा मी नुसतंच जोडवं वाजवलं, टोचलंच नाही, आणि त्यांनी ऐटीत हं म्हटलं, तेव्हा मला हसू फुटलं. त्यांनी पंचा वर करून बघितलं आणि तेही हसायला लागले. मोठ्यानं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आम्ही दोघं. ते हसणं मला फार आवडलं. त्यासाठी मी वाटेल तेवढं जोडवं वाजवलं असतं.

हसू ओसरल्यावर त्यांनी उजव्या हाताची मूठ मिटून उघडली.

"बघ, हात वळणावर आलाय. सवय झाली की येतंय समदं. पयल्यांदा लॅडल धरली तवा बी चार दिस हात असाच हुता."

त्यांच्या बोटांच्या टोकांना बारीक लाल भोकं पडली होती, पाचही बोटांना. मी त्यांना हळद लावली. मी हळद लावत होते तेव्हा ते दुसरीकडे बघत होते, आणि हळद लावून झाली तरी हात तसाच पुढं धरून बसले होते.

खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी दस्तगीर आला. तो तसा दर रविवारी यायचा, एम-एटी गाडीवर, कधी केळी घेऊन, कधी नुसता. त्या दिवशी नवे हातमोजे घेऊन आला होता. ते त्यानं जोतिरामांच्या मांडीवर टाकले.

"अण्णांनी इचारलंय, जोत्या येतोय का न्हाई. मी सांगितलंय, येतोय. लॅडल मी घासून ठेवल्या. नारळ आपल्या दोघांचा."

"परवा फिट लिवून देतोय डॉक्टर."

"सुटलो बाबा." दस्तगीर उंबऱ्यात बसला. "वैनी, च्या टाका, साखर जास्त. आज तोंड गोड करायचं."

मी आत गेले. मधे नुसता पडदा होता, त्याचं बोलणं ऐकू येत होतं. जोतिरामांच्या जागेवर ठेकेदाराचा एक माणूस दिला होता, त्याच्याबद्दल तो सांगत होता.

"वाईट न्हाई गा माणूस. पर माझ्या पाठीला डोळं फुटल्यात आता. चार पावलं चाललो की मान वळवून बघतोय. साच्यापाशी जाईस्तवर अंगाला दरदरून घाम. रातच्याला मान दुखत्या. बायको म्हणती, काय झालंय मानंला, मी म्हणतो, जोत्या न्हाई मागं."

"येतोय की आता."

"तू मागं असलास की बगिच्यात फिरायला निघाल्यागत चालतोय मी. मागं काय हाय ह्याचा इचार सुद्धा येत न्हाई डोक्यात." मग त्याचा आवाज खाली आला. "त्या दिवशीचं तू वैनीला सांगितलंस का कधी?"

"काय सांगायचं."

दस्तगीरनं पडद्याकडे तोंड करून आवाज चढवला. "वैनी, तुमच्या मालकाचा हातमोजा पेटला हुता. आत रस गेलेला. दुसरा कोण असता तर दांडा टाकून पळाला असता, आणि टाकला असता तर लॅडल माझ्या पायावर. मला म्हाईत सुद्धा नव्हतं मागं काय चाललंय. ह्यो गडी नुसता म्हणला, 'दस्तगीर, बाजूला हो.' मी झालो बाजूला, मग त्यानं दांडा खाली ठेवला. टाकला न्हाई, ठेवला."

हे मला माहीत नव्हतं. इतके महिने मी तो हात धुतला, पुसला, बटणं लावली, आणि मला हे माहीत नव्हतं. चहा उतू गेला. मी स्टोव्ह बंद करून तशीच उभी राहिले. रडू आलं नाही.

दस्तगीर गेल्यावर मी बाहेर आले. ते नवे हातमोजे चढवून बघत होते. डाव्या हाताचा बरोबर बसला होता. उजव्याच्या एकाच बोटात दोन बोटं गेली होती, करंगळीची पिशवी मोकळी लोंबत होती. त्यांना ते कळलं नव्हतं. मी तो काढला आणि नीट घातला.

"त्यास्नी सांगा," मी म्हटलं.

"कुणाला? काय?"

"दस्तगीरभावजींना. हाताचं."

"त्येला काय सांगायचं? दांडा मनगटानं धरायचा असतोय, बोटं कशाला लागत्यात." मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "शालन, मी दारात बसून मरणार. तुला दिसतंय न्हवं? तू तेवढं परवाचं बघ. एवढंच कर माझ्यासाठी."

मला दिसत होतंच. मी म्हटलं, "बघतो." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. आणि मी ते मनापासून म्हटलं होतं. मनात दुसरं काही ठेवून मी त्या दिवशी दवाखान्यात गेले नाही, हे कुणी मानो न मानो.

दवाखान्यात गर्दी होती. सणाच्या आधी सगळ्यांना कागद हवे असतात. दस्तगीरनं अर्धी रजा टाकली होती; त्यांना तो गाडीवर घेऊन आला, मी वडापनं मागून पोहोचले. गाडीच्या हँडलला पिशवीत नारळ लटकत होता. आमचं नाव पुकारलं तसा दस्तगीर म्हणाला, "मी हितंच बसतो बाहेर, कागद घिऊनच या," आणि तो दारासमोरच्या बाकावर बसला. शेजारी कुणी गावाकडचा निघाला, आणि त्याच्याशी त्याची लगेच बडबड सुरू.

डॉक्टर हेर्लेकरांनी हात बघितला. बोटांच्या टोकांवरच्या खुणा त्यांना दिसल्या असतील, पण त्यांनी काही विचारलं नाही. स्वच्छ टॉवेल घेऊन त्यांनी स्वतः यांच्या डोळ्यांवर बांधला.

"या वेळी मी घाई करणार नाही, पोवार. मध्ये थांबेन, परत टोचेन. कळलं की सांगा."

"व्हय साहेब."

मी नेहमीच्या जागी उभी राहिले, स्टुलाच्या डाव्या बाजूला. चप्पल दाराबाहेर काढली होती. फरशी पायाला थंड लागत होती. ते ताठ बसले होते, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं बसतात तसे, हनुवटी जरा वर. उजवा हात टेबलावर उताणा. ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसू होतं, सरावाच्या वेळी असायचं तेच.

डॉक्टरांनी टाचणी उचलली आणि अंगठ्याच्या टोकाला टोचली.

दार उघडंच होतं. बाकावरचा दस्तगीर मला दिसत होता. तो शेजारच्याकडे वळून हात नाचवत काहीतरी सांगत होता, आणि त्याची पाठ आमच्याकडे होती. शर्टावर दोन्ही खांद्यांच्या मध्ये जुन्या ठिणग्यांची भोकं होती. आतला बनियन दिसत होता. हात पेटला तरी या माणसानं त्या पाठीसाठी दांडा सोडला नव्हता. आता दांडा हातातून सुटला असता तरी त्यांना ते कळलं नसतं.

माझा पाय उचलला नाही. मी उचलायचा नाही असं ठरवलं, असंही नाही. त्या पायाशी माझा काही संबंधच नसल्यासारखा तो फरशीवर होता.

डॉक्टर थोडं थांबले. मग त्यांनी तर्जनीला टोचलं. मग मधलं बोट, मग त्याच्या शेजारचं. मग थांबले. मग करंगळी, जरा जोरात. करंगळीच्या टोकाला रक्ताचा थेंब आला, मोठा झाला आणि टेबलाच्या पांढऱ्या कापडावर पडला. डॉक्टरांनी तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मला काही वाटत नव्हतं. भीती नाही, दुःख नाही. आज मागं वळून बघताना वाटतं, त्या वेळी काहीतरी वाटायला हवं होतं. पण नव्हतं वाटत.

जोतिराम तसेच बसले होते, कान देऊन, तयारीत. ओठांवरचं हसू तसंच.

"करा की साहेब सुरू," ते म्हणाले.

डॉक्टरांनी टाचणी ट्रेमध्ये ठेवली. ती ठेवल्याचा आवाज झाला, आणि त्या आवाजाला ते पटकन म्हणाले, "हं."

बाहेर दस्तगीर हसत होता. यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली, टॉवेल बांधलेलाच होता.

"शालन?"

"हाय हितंच," मी म्हटलं.

"साहेब गेलं का बाहेर?"

"न्हाई. झालं टोचून."

"किती?"

"समदी बोटं."

त्यांनी टॉवेल सोडला नाही. डावा हात उचलून त्यांनी उजव्या हातावर ठेवला, चाचपत करंगळीपर्यंत नेला. डाव्या बोटांना ओल लागली. ती बोटं त्यांनी एकमेकांवर घासली. बराच वेळ घासत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, सगळ्यांसमोर काहीतरी म्हणतील. मी त्याचीच वाट बघत उभी होते.

"साहेब," ते म्हणाले, "लिवा बोर्डाचं."

डॉक्टर खाली मान घालून लिहायला लागले. बाहेरून दस्तगीरनं डोकावून विचारलं, "झालं का वैनी?" मी तोंड उघडणार, एवढ्यात जोतिरामांनी डोळ्यांवर टॉवेल तसाच ठेवून माझा हात धरला. उजव्या हातानं धरला, आणि किती घट्ट धरलाय ते त्यांना कळत नव्हतं.

"तू काय सांगू नगंस त्येला," ते म्हणाले. "माझं मी सांगतो."